कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपुढची नदी : इंदूरचा मिल एरिया

पागनीसपागा

नमस्कार मंडळी. दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. त्याला आपण सगळे पाहुण्यांना दाखवतो तेच दाखवलं. राजवाडा, सराफा, काचमंदिर, लालबाग, आणि संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे कान्ह नदीकाठच्या होळकरांच्या समाध्या. पुलावर उभा राहून तो म्हणाला, "मावशी, ही नदी पुढे कुठे जाते?" मी सांगितलं, उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. "आणि मधे?"

त्या 'मधे'नं मला दोन महिने झोपू दिलं नाही. माझं सगळं आयुष्य या गावात गेलं. होळकरांचा इतिहास मी शाळेत शिकवला. पण मी शिकवलेला इतिहास त्या छत्र्यांपाशी यायचा आणि तिथेच थांबायचा. कान्ह मात्र थांबत नाही, ती उत्तरेला जाते. तिच्या पूर्वेला स्टेशन आहे, आणि रुळांपलीकडे, ईशान्येला, ज्याला अख्खं इंदूर 'मिल एरिया' म्हणतं ते दुसरं इंदूर. मालवा मिल, परदेशीपुरा, पाटनीपुरा. आपल्यातले किती जण तिथे लग्नाच्या आमंत्रणाखेरीज गेले आहेत?

जे वाचलं आणि पाहिलं ते मांडते. चुकत असेन तर दुरुस्त करा, आणि घरातलं काही ठाऊक असेल तर लिहा.

सुरुवात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांपासून करायला हवी. १८६६ च्या सुमारास त्यांनी दरबाराच्या पैशानं कापडाची मिल उभारायला घेतली आणि १८७०-७१ च्या आसपास ती चालू झाली. हे साल नीट बघा. दावरांची मुंबईतली पहिली गिरणी १८५० च्या दशकातली, अहमदाबादची पहिली १८६१ ची. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची, म्हणजे ती आपल्या सरकारी मिलनंतरची. आणि मिल सुरू झाली तेव्हा इंदुरात रेल्वेच नव्हती! खंडव्याकडून मीटरगेजची गाडी इंदूरला पोचली ती १८७० चं दशक सरत आल्यावर. म्हणजे विलायतेहून आलेली यंत्रं घाट चढून रस्त्यानं आली. हत्तींनी ओढून आणली, ही गोष्ट इंदुरातल्या जुन्या घरांतून अजून ऐकायला मिळते.

रेल्वेचीही कथा तशीच आहे. तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, एकशे एक वर्षांच्या मुदतीनं. संस्थानिकाकडून इंग्रजांनी कर्ज घ्यायचं आणि त्यातून संस्थानिकाच्या गावी रूळ यायचे. पाताळपाणी-कालाकुंडचा घाट आपण पावसाळ्यात धबधबा बघायला जातो तेवढ्यापुरता आपल्याला माहीत असतो. पण तो घाट फोडला नसता तर पुढच्या मिल आल्याच नसत्या.

आज इतकंच. पुढचं तुम्ही सांगा.

जुनी_पेढी

फार चांगला विषय काढलात, ताई. एक मुद्दा जोडतो, कारण त्याशिवाय मिल एरियाचं कोडं सुटत नाही. मिल दरबारानं का काढली? इंदुरात सेठ-सावकार काही कमी नव्हते.

उत्तर आहे अफू. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची. तिच्या पेट्या इंदूरच्या रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज वकिलाच्या ठाण्यात, तोलल्या जायच्या, इंग्रजांचा कर तिथे भरायचा आणि मग माल पुढे जायचा. त्या धंद्यात आणि त्याच्या सट्ट्यात एवढा पैसा होता की यंत्रं आणा, बॉयलर बसवा, मजूर शिकवा, आणि नफ्यासाठी पाच वर्षं थांबा, हे कुणा पेढीवाल्याला परवडण्यासारखं वाटत नव्हतं. पैसा अडकवून ठेवायची तयारी फक्त दरबाराची होती.

मग १९०७ साली इंग्रज आणि चीन यांच्यात करार झाला. हिंदुस्थानातून जाणारी अफू दरवर्षी कमी करत दहा वर्षांत बंद करायची. इंदूरच्या पेढ्यांनी ते ओळखलं. मालवा युनायटेड मिल उभी राहिली १९०९ मध्ये. मी याला योगायोग मानत नाही. सर सेठ हुकुमचंदांनी अफूच्या सट्ट्यात अमाप कमावलं होतं. त्यांची हुकुमचंद मिल १९१५ ची. पहिलं महायुद्ध चालू होतं, इंग्लंडातल्या लँकेशायरचं कापड येणं रोडावलं होतं, आणि देशी मिलचं कापड हातोहात जात होतं. युद्ध संपल्यावर पाच-सात वर्षांतच स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, नंदलाल भंडारी अशी रांग लागली. राजकुमार मिलचं नाव हुकुमचंदांच्या मुलाचं.

एक गोष्ट आपण इंदूरकर विसरतो. याच हुकुमचंदांनी १९१९ मध्ये हुगळीकाठी तागाची गिरणी काढली. तो धंदा तोवर जवळजवळ पूर्णपणे स्कॉटिश कंपन्यांच्या मुठीत होता. इंदूरच्या माणसानं बंगालात जाऊन तो फोडला. हुकुमचंदांनीच बांधलेलं काचमंदिर दाखवताना मी मुलांना आधी हे सांगतो, काचा नंतर.

रिंगखातं

वयाची बत्तीस वर्षं मी सूतखात्यात काढली. इथल्याच एका मिलमध्ये, नाव लिहीत नाही. इतिहासाची सालं मला सांगता येणार नाहीत, आतलं सांगतो.

आधी भाषा. इंदुरात 'गिरणी' म्हटलं की पिठाची. कापडाची ती 'मिल', मराठी घरातसुद्धा. वडील 'मिलमध्ये' जात, 'गिरणीत' नाही.

नदीचा प्रश्न ताईंनी काढला म्हणून सांगतो. मिलला पाणी तीन कामांना लागतं. बॉयलरला वाफेसाठी, रंगाई-धुलाईला, आणि हवेला. हे तिसरं बाहेरच्याला माहीत नसतं. मुंबईला समुद्राची दमट हवा आहे, माळव्याची हवा कोरडी. एप्रिल-मेमध्ये इथे हवेत ओल राहत नाही आणि कोरड्या हवेत कापसाचं सूत ठिसूळ होतं, सारखं तुटतं. मागावर काम नीट चालायला हवेत पंचाहत्तर-ऐंशी टक्के ओल हवी. म्हणून खात्यात पाण्याचे फवारे सोडलेले. बाहेर लू आणि आत ओली वाफ, त्यात कापसाची भुकटी. आठ तास त्यात उभं राहायचं आणि पाळी सुटल्यावर एकदम त्या लूमध्ये बाहेर पडायचं. आमच्यातल्या कितीजणांच्या छाती त्यानंच गेल्या.

कान्ह ही काही बारमाही मोठी नदी नव्हे. होळी झाली की तिची धार बारीक व्हायची. त्यामुळे पाणी वाया घालवून चालायचं नाही. इंजिनातून निघालेलं गरम पाणी हौदात निववून पुन्हा वापरायचं. जुन्या मिलचं आवार पाहिलंत तर हौद दिसतो, तो शोभेचा नाही.

आणि जुनी छपरं अजून कुठे शिल्लक दिसली तर नीट बघा. करवतीच्या दातांसारखी आहेत. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. ऊन थेट आत येत नाही, पण दिवसभर सारखा उजेड मिळतो. तुटलेला धागा डोळ्याला दिसायला हवा, सगळा खेळ त्यावर आहे.

जुन्या काळी एकच मोठं वाफेचं इंजिन असे. त्याच्या चाकावरून जाड दोरखंड प्रत्येक मजल्याच्या शाफ्टला जायचे, आणि शाफ्टवरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्राला. एक पट्टा सुटला तर माणूस जायचा. वडील सांगत, नव्या पोराला पहिल्या दिवशी काम शिकवायच्या आधी धोतर कसं खोचायचं ते शिकवत.

परदेशीपुरा_गल्ली

रिंगखातं काका, नमस्कार. तुमचं वाचून आजीची आठवण आली.

ताई, तुम्ही विचारलंत किती जण तिथे गेलेत. आम्ही तिथलेच. आजोबा खानदेशातून आले. वस्तीत उत्तर प्रदेशचे, बुंदेलखंडचे, राजस्थानचे, माळव्यातले आणि आमच्यासारखे मराठी, असे सगळे. राजवाड्याकडच्या मराठी माणसांना वाटतं, इंदुरातले मराठी म्हणजे सरदार, कारकून, वकील, मास्तर. मिलमध्ये माग चालवणारे मराठी त्यांच्या हिशेबात नसत. हे मी रागानं लिहीत नाही, पण लिहिलं पाहिजे. मिल एरियात एक वस्तीच आहे, 'कुलकर्णी का भट्टा'. नाव मराठी, मधला 'का' हिंदी. आमची भाषाही तशीच झाली.

भोंग्यावर घर चालायचं. आजीकडे घड्याळ नव्हतं आणि तिला ते लागलंही नाही. पहाटेचा पहिला भोंगा झाला की चूल पेटायची. दुसऱ्याला डबा बांधून तयार. तिसरा झाला आणि आजोबा फाटकाच्या आत नसले तर त्या दिवशी बदलीवाला उभा राहायचा आणि मजुरी जायची. प्रत्येक मिलचा आवाज वेगळा. आजी अंथरुणातून सांगायची, हा हुकुमचंदचा, हा मालव्याचा.

आजोबा विणाईला होते. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी होडीत, सुताची कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं, आणि ते तोंडानं ओढून घ्यायचे. दिवसातून कितीतरी वेळा, तोच धोटा, तेच तोंड. पाळी बदलली की दुसऱ्या माणसाचं तोंड. क्षय का पसरायचा ते मला नर्सिंगला गेल्यावर कळलं.

सूर्यघर

मी लालबाग-परळचा. इंदूरशी नातं सासुरवाडीचं. आमच्याकडे विणाईच्या खात्याला 'साळखाता' आणि मागाला 'साचा' म्हणायचे, तुमच्याकडे ते शब्द दिसत नाहीत. तोंडानं धागा ओढणं मात्र अगदी तसंच. एक विचारायचं होतं. आमचं गिरणगाव गणपतीशिवाय पुरं होत नाही. इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्यांविषयी, म्हणजे चित्ररथांविषयी, खूप ऐकलंय. त्या मिलच्याच ना?

परदेशीपुरा_गल्ली

हो, मिलच्याच. १९२० च्या दशकात हुकुमचंद मिलपासून सुरुवात झाली, मग प्रत्येक मिलची झांकी. रात्रभर मिरवणूक, पहाटेपर्यंत रस्ता भरलेला. चालती चित्रं, विजेचे दिवे, फिरणारे देव. ती बनवणारे मिलचेच फिटर, सुतार, इलेक्ट्रिशियन. जे हात वर्षभर मशीन चालवायचे त्यांना ते पंधरा दिवस देव हलवायला मिळायचे. मिल बंद पडल्या, झांक्या बंद पडल्या नाहीत. कामगार वर्गणी काढून, मदत मागून त्या काढतात. गणपती हा मराठी माणसांनी इंदूरला दिला असं आपण अभिमानानं म्हणतो. तो रस्त्यावर रात्रभर जागता ठेवला तो या वस्तीनं.

पागनीसपागा

तुमच्या आजीविषयी वाचून गप्प बसले होते. सरदार-कारकुनांबद्दल लिहिलंत ते खरं आहे. मी त्याच घरातली, आणि मला हे ऐकायचंच होतं.

पॅट्रिक गेडिसचा अहवाल मिळाला, त्याबद्दल सांगते. हा स्कॉटिश नगररचनाकार तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात इंदूर दरबारानं बोलावला होता. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. तो गावात आला तेव्हा प्लेगची दहशत होती. घरं पाडा, गल्ल्या रुंद करा, ही साहेबी पद्धत त्याला पसंत नव्हती. त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली. ज्या रस्त्यावरची घरं जास्त स्वच्छ, त्या रस्त्यानं मिरवणूक जाणार असं जाहीर केलं. लोकांनी घरं झाडली, रंगवली, ढिगानं कचरा काढला. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता, तो शेवटी जाळला. सफाई कामगारांना स्वच्छ पोशाख देऊन मानानं मिरवणुकीत चालवलं, आणि घरोघरी तुळशीची रोपं वाटली. शंभर वर्षांपूर्वी!

नदीविषयी त्याचं म्हणणं होतं की ती गावाची गटार होता कामा नये, काठानं बागा असाव्यात. त्याच्या बागा झाल्या नाहीत, मिल मात्र झाल्या. अहवाल छापला गेला त्यानंतरच्या दहा वर्षांत मिलची संख्या दुपटीच्या वर गेली, आणि त्या वस्तीला गेडिसच्या बागांमधलं काही मिळालं नाही. इंदूरच्या इतिहासातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच.

क्षिप्रातीर

मी उज्जैनचा. तुमच्या 'मधे'नंतर जे येतं ते आमच्याकडे येतं. कान्ह त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाच्या वेळी तिचं पाणी मोठ्या पाइपातून वळवून घाटांच्या खाली नेऊन सोडावं लागलं, कारण त्यात स्नान करणं शक्य नव्हतं. आता मिल राहिल्या नाहीत, तेव्हा सगळा दोष त्यांच्यावर टाकता येणार नाही. आजचं पाणी शहराच्या सांडपाण्याचं आहे. पण नदी म्हणजे काहीही सोडायची जागा, ही सवय कुठल्या काळात लागली त्याचा विचार या चर्चेत व्हावा.

कापूससंशोधक

दोन ओळी कापसाबद्दल, कारण मिल काही हवेतून सूत काढत नव्हत्या. निमाडचा आणि माळव्याच्या काळ्या मातीचा कापूस आखूड धाग्याचा, त्याचं सूत जाडं यायचं. तो सुधारावा म्हणून १९२४ मध्ये इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली. जागा होळकर दरबाराची, पैशात इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा वाटा. संचालक अल्बर्ट हॉवर्ड.

काम कापसाचं, पण जगात गाजलं खत. कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्रानं भिजलेली माती, लाकडाची राख, असं थरावर थर रचून, ठरावीक दिवसांनी ढीग उलटवून, साधारण तीन महिन्यांत खत तयार करायची रीत त्यांनी इथे बसवली. पऱ्हाट्या लाकडासारख्या टणक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या आणि बैलगाड्यांखाली चिरडू द्यायच्या. या रीतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. सेंद्रिय शेतीवाले आज परदेशात इंदूरचं नाव घेतात, आणि हे जिथे घडलं त्या आपल्याच कृषी महाविद्यालयासमोरून जाताना आपल्याला ते आठवत नाही. मिलमधलं सूत आणि हे खत एकाच शेतातून आलं.

रिंगखातं

युनियनचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून पुन्हा आलो.

इंदूरच्या मिलमध्ये दोन प्रवाह होते. एक गांधीवादी, मजूर संघाचा. त्यात व्ही. व्ही. द्रविड आणि रामसिंहभाई वर्मा. दुसरा लाल झेंडा, त्यात होमी दाजी. दाजी पारशी, पण मिल एरियातल्या कुठल्याही गल्लीत शिरले की पोरं ओळखायची. १९६२ च्या लोकसभेला ते अपक्ष म्हणून उभे राहिले आणि रामसिंहभाईंना हरवून निवडून आले. मजुरांचा एक पुढारी मजुरांच्या दुसऱ्या पुढाऱ्याविरुद्ध, आणि निकाल मिलच्या फाटकांवर ठरला. तेव्हा या वस्तीत एवढी ताकद होती. माझ्या घरात वडील एका झेंड्याचे आणि काका दुसऱ्या. दोघे एका ताटात जेवायचे, राजकारण सोडून.

उतार कसा आला तेही सांगतो. यंत्रं जुनी झाली, कुणी बदलली नाहीत. यंत्रमागाचं कापड स्वस्त पडायला लागलं. १९७४ मध्ये मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या तीन मिल सरकारनं राष्ट्रीयीकरण करून एनटीसीत, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळात, घेतल्या. दिवस ढकलले गेले, यंत्रं तीच राहिली. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली. ५,८९५ कामगार. त्यांच्या देण्याचा निकाल लागून २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. मी जितकी वर्षं नोकरी केली, तितकी वर्षं ती माणसं दर रविवारी फाटकाशी जमून वाट बघत होती. कितीतरी जणांचे पैसे विधवांनी आणि नातवंडांनी घेतले.

जुनी_पेढी

काका, हे वाचून वरचं माझं लिखाण अर्धवट वाटतंय. भांडवल कुठून आलं ते मी लिहिलं, ते कुणाच्या छातीवर उभं राहिलं ते तुम्ही लिहिलंत.

हुकुमचंद मिलच्या आवारात इतक्या वर्षांत आपोआप रान उगवलंय. ते तोडू नये म्हणून शहरातली तरुण मुलं उभी राहिली आहेत. मला वाटतं झाडं तर राहावीतच, पण त्यांच्यामध्ये एखादी चिमणी, एखादं करवती छप्पर, हौद, असं काहीतरी उभं ठेवावं. मुंबईत गिरण्यांच्या जागी काय झालं ते सूर्यघर सांगतीलच.

सूर्यघर

काय सांगू? मॉल झाले, टॉवर झाले. चिमण्या काही ठिकाणी ठेवल्यात, पण पायथ्याशी गाड्यांचं पार्किंग आहे, आणि तिथल्या रखवालदाराला ती चिमणी कसली ते माहीत नसतं. चिमणी ठेवाल तर तिच्याशेजारी काम केलेल्या माणसांची नावंही ठेवा.

पागनीसपागा

हा धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. मी ठरवलंय, येत्या रविवारी सकाळी सात वाजता कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून निघायचं आणि नदीबरोबर उत्तरेला चालायचं. पुढे भंडारी पुलावरून रूळ ओलांडून परदेशीपुरा, मालवा मिल चौराहा, आणि शेवटी हुकुमचंद मिलचं फाटक. ऊन चढायच्या आत. परदेशीपुरा_गल्ली, तुम्ही तुमच्या वस्तीत आम्हाला फिरवाल का? रिंगखातं काका, तुमचं चालणं झेपेल तेवढंच, बाकी रिक्षा करू.

परदेशीपुरा_गल्ली

नक्की या. पोहे आमच्याकडे. आई म्हणते, आजोबांचा दगडी पाटा आणि आजीची चूल अजून तशीच आहे, ती बघा. चहा मालवा मिलच्या नाक्यावर घेऊ, तिथे जुने कामगार सकाळी बसतात, त्यांच्याशी बोला.

रिंगखातं

चालतो मी अजून. वडिलांचा पितळी बिल्ला आहे, त्यावर खात्याचं नाव आणि नंबर कोरलाय. नंबर झिजलाय, पण बोट फिरवलं की कळतो. तो घेऊन येतो.